रोपांवर पाय

वेल्ह्यात माया ओव्हाळला सगळे ‘ग्रीटिंगवाली’ म्हणतात. कौतुकानं म्हणत असतील असा कुणाचा गैरसमज होऊ नये. मोबाईलवर बोट दाबलं की फुलं, दिवे आणि हलणारी फुलपाखरं फुकट जातात, मग ही बाई कागदावर रंग लावत का बसते, हे गावाला कधी कळलं नाही आणि मायानं कधी समजावलं नाही. समजावणं तिच्या स्वभावात नाही. एकदा पोस्टासमोर एकानं विचारलं, “ह्यातनं तुला मिळतं काय गं?” तर म्हणाली, “तुज्यासारक्यांच्या तोंडी लागायला टाइम मिळत न्हाई, एवडंच मिळतं.” तो माणूस अजूनही तिला पाहिलं की रस्त्याची बाजू बदलतो.

कार्डं करायला लागण्याआधी चार वर्षं ती वरवे गावाजवळच्या एका कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवायची. वाया गेलेल्या लेबलांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायची. सुपरवायझरनं एकदा ती चित्रं सगळ्यांसमोर फाडली. मायानं त्याच्या हातातली हजेरीची वही घेतली, तीही सगळ्यांसमोर फाडली आणि गेटाबाहेर पडली. त्या दिवसापासून ती कुणाची नोकर नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीला पिंपळपानाची कार्डं करून तिनं भोरच्या बाजारात विकली आणि तिथून तिचा धंदा सुरू झाला. मग वाढदिवसाची, लग्नाची, नुसतीच ‘आठवण येते’ अशी. आंबवड्याचा झुलता पूल, तोरण्यावर उतरलेला ढग, ओढ्यातला खेकडा, असं काय काय ती काढायची. एक कार्ड दुसऱ्यासारखं नसायचं.

आणि प्रत्येक कार्डाच्या पाठीमागं, खाली कोपऱ्यात, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायची: माया ठकुबाई ओव्हाळ, वेल्हे. बाप लहानपणीच गेला होता. वाढवलं आईनं, लोकांच्या खाचरात भात लावून, तेव्हा नाव आईचंच लागणार, असं तिचं सरळ म्हणणं. ठकुबाईला वाचता येत नव्हतं. पण आपलं नाव कुठं असतं ते तिला ठाऊक होतं. नवं कार्ड झालं की ती आधी ते उलटं करून बघायची आणि मगच चित्राकडं वळायची.

हे नाव काढून टाक, असं मायाला पहिल्यांदा सांगितलं ते शेफाली बाईंनी.

शेफाली बाईंचं पानशेतला धरणाच्या वर शनिवार-रविवारचं घर. गेल्या जुलैत त्या गाडी घेऊन वेल्ह्याला आल्या, चपला न काढता थेट आत आल्या आणि वाळत घातलेली कार्डं एकेक उचलून बघायला लागल्या. वयानं मायाएवढ्याच, पण पहिल्या वाक्यापासून अगंतुगं.

“अगं, किती गोड आहेत ही! तू असं कर, मला दहा-बारा डिझाइनचे फोटो पाठव. मी पुण्यात मोठ्ठं काहीतरी करते. फक्त हे मागचं नाव नको हं. लोकांना एकटी बाई नको असते, त्यांना गाव हवं असतं.”

“गावाला चितरं काडता येत न्हाईत,” माया म्हणाली. “मला येत्यात.”

शेफाली बाई हसल्या. असं हसणं मायाच्या ओळखीचं होतं. आदल्याच दिवाळीत पुण्याच्या एका गृहस्थाला तिनं कंदिलाचा फोटो पाठवला होता. त्यानं ‘कळवतो’ म्हटलं आणि पुढं कुणाच्या तरी घरी मिठाईच्या खोक्यावर तोच कंदील तिच्याकडं बघत होता. भांडायला गेली तर लोक म्हणाले, कंदील काय तुझ्या एकटीचा आहे? त्या वेळी तिला उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचलं.

बाई गेल्यावर तिनं कागद पुढं ओढला आणि भातलावणीचं चित्र काढलं. पाण्यानं भरलेलं खाचर, ओणवी बाई, हातात रोपांची मूठ. डोक्यावरून घेतलेलं निळं मेणकापड, गळ्याशी लाल चिंधीनं बांधलेलं. ठकुबाई बांधायची तसं, कारण मायाला लावणी करणारी बाई काढायची म्हटलं की हातातून तीच उतरायची. सगळं खरं काढलं. एकच गोष्ट खोटी.

लावणी करणारी बाई मागं मागं सरकते. पुढं रोपं लावत जायची आणि पाऊल मागच्या मोकळ्या चिखलात टाकायचं, हे वेल्ह्याच्या शेंबड्या पोरालाही माहीत. मायानं बाईला पुढं चालवलं. तिच्या मागं मोकळा चिखल, पुढं नुकतीच लावलेली हिरवी रांग, आणि बाईचा पाय त्या रांगेवर. पुण्याच्या माणसाला ते जन्मात दिसणार नव्हतं. चित्राचा फोटो तिनं मोबाईलवरून शेफाली बाईंना पाठवला, मूळ चित्र पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘वा! किती अस्सल! पण सध्या राहू दे गं, बघू पुढच्या वर्षी.’ मायानं ते उत्तर जपून ठेवलं आणि आईला यातलं काही सांगितलं नाही.

नोव्हेंबरात ती नवी कार्डं घेऊन पानशेतला कुमारच्या खानावळीत गेली. धरण बघायला आलेली माणसं तिथं पिठलं-भाकरी आणि मासे खायची. गल्ल्याशेजारच्या तारेच्या स्टँडवर मायाची कार्डं तीन वर्षं असायची. आता तिथं छापील कार्डं होती, चकचकीत पाकिटात, वर चिकटवलेली पट्टी: ‘मावळातल्या बायकांनी हातानं रंगवलेलं’. पहिल्याच रांगेत निळं मेणकापड आणि लाल चिंधी. पाय रोपांवर.

“ताई, रागावू नका,” कुमार म्हणाला. “शेफाली म्याडमची हायेत. छापील एकसारकी असत्यात, गिऱ्हाइकाला बरं पडतं. तुमचं एकेक येगळं निगतं.”

ज्या गोष्टीसाठी कार्ड हातानं काढायचं तीच गोष्ट त्यानं तक्रार म्हणून सांगितली. मायाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एरवी तिनं स्टँड धरणाच्या पाण्यात फेकला असता. पण तिनं ते एक कार्ड काढून कुमारपुढं धरलं.

“काय दिसतंय ह्यात, नीट बग.”

“लावणी हाय की.”

“बरोबर हाय का समदं?”

“लई भारी हाय. दोन महिन्यांत ढीगभर गेली.”

ज्याच्या आईचा जन्म खाचरात गेला, जो स्वतः बांधावर खेळून मोठा झाला, त्यालासुद्धा दिसलं नाही. मायाला शेफाली बाईंपेक्षा त्या क्षणी कुमारची जास्त चीड आली. तिनं कार्ड परत स्टँडवर अडकवलं. तिथंच भिंतीवर कागद लावला होता: रविवारी दुपारी खानावळीच्या अंगणात ‘गावच्या कलेचं’ प्रदर्शन. तिनं तारीख वाचली आणि घरी गेली.

रविवारी तिनं आईला म्हटलं, “आये, चल, तुला पानशेतचं मासं खायला घालते.” ठकुबाई खूश झाली, धुतलेलं लुगडं नेसली आणि स्कूटीवर मागं बसली. पाबे घाट उतरताना मायाला मनातून हसू येत होतं. आई गप्प बसणारी बाई नव्हती. कार्ड तिच्या हातात पडलं की पुढचं काम ती आपोआप करणार होती.

अंगणात मांडव, पुण्याच्या गाड्या आणि टेबलांवर कार्डंच कार्डं. एका चटईवर गावातल्या पाच-सहा बायका नऊवारीत बसवल्या होत्या, पुढं रंग, हातात ब्रश. एकीनंही जन्मात ब्रश धरला नव्हता. कुमारची आई भामाबाई त्यात होती आणि तिनं ब्रश उलथन्यासारखा मुठीत आवळला होता. पाहुणे फोटो काढत होते. शेफाली बाई सांगत होत्या, “सगळं ह्यांच्या अनुभवातून आलंय. आम्ही फक्त लोकांपर्यंत पोचवतो.”

मायानं टेबलावरचं एक कार्ड उचललं आणि आईच्या हातात दिलं. ठकुबाईनं सवयीनं ते आधी उलटं केलं. मागं काही नव्हतं. मग सरळ केलं, लांब धरलं, जवळ धरलं.

“आगं बया! ही कुटं निगाली?” तिचा आवाज मांडवभर गेला. “सोताच लावलंय आन् सोताच तुडवतीया! भामाबाय, हिकडं बगा, हिला कुनी कामाला लावली?”

भामाबाईनं कार्ड घेतलं आणि ब्रश टाकून हसायला लागली. “हिला तर पयल्याच दिवशी बांदावरनं हाकलली असती म्या!” चटईवरच्या सगळ्या बायका कार्डावर झुकल्या. एकीनं उठून दोन पावलं तशी चालून दाखवली. पाहुण्यांना काही कळेना, पण तेही हसायला लागले.

“ज्यानं काडलंय ना,” ठकुबाई डोळे पुसत म्हणाली, “त्याच्या आयबापानं खाचरात पाय घातला नसल कदी.”

शेफाली बाईंचा चेहरा उतरला होता. “नाही हो, हे ह्या गावच्याच बाईनं—”

“कुनी?” माया पुढं झाली. “नाव सांगा की बाई. कुनी काडलंय?”

बाई चटईकडं बघायला लागल्या. चटईवरच्या बायका एकमेकींकडं. तेव्हा मायानं पिशवीतून मूळ चित्र काढलं, सगळ्यांना दिसेल असं धरलं. तेच मेणकापड, तीच चिंधी, तोच पाय. मग मोबाईल काढला आणि जुलैचा फोटो, त्याखालचं ‘किती अस्सल’ हे उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं.

“म्या काडलंय. मुद्दाम चुकीचं काडलंय, चोर सापडावा म्हनून. कुमार, ये हिकडं. तुला दिसलं न्हाई ना? आता पाठीमागचं नाव तरी वाच. मोठ्यानं.”

कुमारनं कागद उलटा केला आणि मान खाली घालून वाचलं, “माया ठकुबाई ओव्हाळ, वेल्हे.”

एका पाहुण्यानं हातातलं कार्ड गुपचूप टेबलावर ठेवलं, मग दुसऱ्यानं ठेवलं. भामाबाई चटईवरून उठली, मुलाकडं न बघता स्वयंपाकघरात निघून गेली. शेफाली बाई “गैरसमज झालाय, आपण बसून बोलू” असं काहीतरी म्हणत होत्या. मायानं त्यांना बोलू दिलं नाही. कारखान्यातल्या चार वर्षांचं, दिवाळीच्या कंदिलाचं, जुलैचं, सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं, आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं. कुमारनं स्वतःच्या हातानं स्टँड रिकामा केला आणि म्हणाला, “ताई, उद्यापास्नं तुमचीच ठेवतो.”

“नगं,” माया म्हणाली. “तुज्या गल्ल्याशेजारी माजं नाव नगं.”

मग ती वळली. ठकुबाई मघाच्याच जागी उभी होती. ते छापील कार्ड तिच्या हातात होतं आणि ती अंगठ्यानं मेणकापडावरून, चिंधीवरून हात फिरवत होती. हसू कधीच गेलं होतं.

“आये, चल, मासं खाऊ. दुसरीकडं.”

“मला भूक न्हाई.”

एरवी घाट चढताना ठकुबाई मायाच्या खांद्यावर हात ठेवून बसायची. आज मागच्या दांडीला धरून बसली होती. माया एकटीच बोलत होती, बाईंचं तोंड कसं झालं, कुमार कसा वाचताना अडखळला. वरच्या वळणावर ठकुबाई म्हणाली, “गाडी थांबीव.”

मायानं गाडी कडेला घेतली.

“ती बाई मीच हाय ना?”

मायानं इंजिन बंद केलं.

“दुसऱ्याच्या खाचरात लावलं म्या. चाळीस वरीस. लोक कुनाला असं बोलायचे, कुनाला तसं बोलायचे, पर ठकुबाईनं एक रोप तुडवलं आसं कुनी म्हनलं न्हाई.” तिचा आवाज चढला नाही, म्हणून माया जास्तच घाबरली. “तू माजा पाय घातलास त्यावर.”

“आगं आये, ते त्या बाईला धरायला—”

“धरलीस की. लई चांगली धरलीस. आन् समद्यांत मोट्यानं मी हासले. माज्यावरच.” ठकुबाईनं पदर सावरला. “ती कार्डं किती घरांत गेली म्हनला कुमार? ढीगभर. ती काय माघारी यायची हायेत?”

माया स्कूटीच्या आरशावरची धूळ बोटानं पुसत राहिली.

“दुसरी कुनीबी बाई काडायची,” ठकुबाई म्हणाली. “काडलीस ती काडलीस. त्याच्यामागं माजं नाव ठिवू नगंस.”

घरी आल्यावर आई चुलीकडं गेली. माया टेबलाशी बसली. चित्र समोर ठेवलं. ते आपलं आहे हे सिद्ध करायला ती एवढ्या लांब जाऊन भांडून आली होती, आणि आता सगळ्या पानशेतला ठाऊक होतं की ते तिचंच आहे. तिनं कागद उलटा केला. रबर घेऊन मधला एक शब्द खोडला. हातानं बनवलेला जाड कागद होता, आणि रागात लिहिलं होतं म्हणून पेन्सिल खोल गेली होती. तिनं पुन्हा पुन्हा घासलं. अक्षरं गेली तरी त्यांचा वळ कागदावर राहिलाच.