दोन गावांमधली फट

अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढी जागा ठेवून आमचे तपासनीस साहेब हात आमच्या डोळ्यांसमोर धरायचे. मग दोन्ही बोटं हळूच मिटायची आणि ते म्हणायचे, "फट दिसते आहे. बुजवा." आमच्यापैकी कुणाचं काम त्यांनी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. फट नसली की ते न बोलता पुढच्या टेबलाकडे जायचे, तेच आमचं बक्षीस.

बुधवार पेठेत, रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांवर, दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी होती. कंपनी म्हणायचं ते पाटीपुरतं. होत्या दोन खोल्या आणि डझनभर संगणक. खाली दिवसभर कुणीतरी स्पीकर तपासत 'हॅलो, हॅलो' ओरडायचं आणि वर आम्ही कागदावरचे नकाशे संगणकात उतरवायचो. आधी परदेशातले जिल्हे, मग आपल्याकडची गावं. आता जग एक होणार, सीमा पुसल्या जाणार, असं तेव्हा रोज पेपरात यायचं. तो पेपर आम्ही डबा खाताना खाली अंथरायचो आणि हात धुऊन पुन्हा सीमा काढायला बसायचो.

ते सरकारी भूमापन खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे तपासनीस म्हणून आले होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात भिंग, खांद्याला पिशवी आणि पिशवीत स्वतःच्या घरची पाण्याची बाटली. बाहेरचं पाणी ते पीत नसत. का, ते कुणी विचारलं नाही. पुण्यात असलं काही विचारायची पद्धत नाही, आणि उत्तर साधारण माहीतच असतं.

नव्या माणसाची ते पहिल्याच दिवशी परीक्षा घ्यायचे.

"राज्य कुठे संपतं?"

"सीमेवर, सर."

"चूक. हुकूम घेऊन गेलेला शिपाई जिथून मार खाऊन परत येतो तिथे. सीमा आपण नंतर काढतो."

एकदा सीमाभागातला एक जण नोकरीला आला. गाव कुठल्या राज्यात, असं विचारल्यावर तो छाती काढून म्हणाला, "सर, कागदोपत्री कर्नाटकात. पण मनाने आम्ही महाराष्ट्रातच."

आमच्या नकाशात रस्त्यांचा एक थर असायचा, नद्यांचा एक, हद्दींचा एक. साहेब थरांची यादी घेऊन आले आणि शेवटपर्यंत वाचून म्हणाले, "मनाचा थर आपल्याकडे नाही. कर्नाटकात टाका." आणि पहिल्या दिवशी त्याला त्याच्याच तालुक्याचं काम दिलं. संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःच्या गावाभोवती कर्नाटकाची रेघ ओढली होती. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

तुम्ही म्हणाल, माणूस विनोदी होता. होताच. ज्याच्यावर वेळ यायची तो सोडून आम्ही सगळे हसायचो. मी तर जरा जास्तच हसायचो, कारण मला वाटायचं, हसणाऱ्यावर वेळ येत नाही.

मग हिंजवडीच्या पलीकडच्या गावांचं काम आलं. तिकडे सॉफ्टवेअर पार्क वाढणार होतं आणि आमच्या नकाशावरून जमिनी घेण्याची यादी निघणार होती. दोन शेजारच्या गावांचे जुने नकाशे एकमेकांना लावले, तर मध्ये एक लांबट पट्टा उरला. या गावाची हद्द अलीकडे संपत होती, त्या गावाची पलीकडे सुरू होत होती, आणि मधली जागा कुणाचीच नव्हती.

असल्या फटी रोजच निघायच्या. कागद आक्रसतो, काढणाऱ्याचा हात हलतो. पण हे काम आमच्यातल्या सुजाताकडे होतं, आणि पडद्यावरचं ओढ्याचं वळण बघून ती ताठ बसली. त्या फटीत तिचं घर होतं. एकूण अकरा घरं, एक छोटं विहार आणि एक विहीर. नकाशात यातलं काहीच नव्हतं.

ती उठून त्यांच्या टेबलाशी गेली. "सर, ही फट बुजवू नका. हिला वेगळा नंबर द्या."

तिचं म्हणणं सरळ होतं. वेगळा नंबर पडला असता, तर ही जागा कुणाची हे ठरवायला अधिकाऱ्याला वस्तीत यावं लागलं असतं. लोकांची नावं लिहिली गेली असती आणि बदली जागा मिळाली असती. फट उताराकडच्या, म्हणजे वरच्या गावाला जोडली, तर मात्र तिथला शेजारचा तुकडा आधीच पार्कसाठी घेतलेला होता. मग ही अकरा घरं म्हणजे पार्कच्या जमिनीवरचं अतिक्रमण.

"नकाशात घरं आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाहीत. पण जागेवर आहेत, सर. माझ्या आजोबांना शीव पाठ आहे. पूर्वी गावांचं भांडण झालं की आमच्याच घरचा माणूस शिवेवरून चालायचा आणि तो सांगेल ते दोन्ही गावं मानायची."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पाठ आहे, की ऐकून आहेत?"

"पाठ आहे."

शनिवारी माझ्या स्कूटरवरून साहेब आणि मी तिकडे गेलो. सुजाता रस्त्यावरच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आशा होती, हे मला आज लिहितानाही सोसत नाही. साहेब एकदा घरं बघतील, मग नंबर कसा देणार नाहीत, असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं. वस्तीतली माणसं दारात उभी होती. एका बाईने पाणी आणलं. मी घेतलं. साहेबांनी हात जोडले आणि पिशवीतली बाटली काढली.

आजोबा पुढे आले. ऐंशीच्या घरातले, सडपातळ, डोक्याला मफलर. "आमी धम्म घेतला तवा गावकीची काठी टाकली, साहेब. पर शीव ध्यानातनं कुटं जाती?" असं म्हणून ते चालूच लागले.

घरांच्या वरच्या अंगाला उतार होता, खालच्या अंगाला ओढा. वरच्या गावाची हद्द उतारावर संपते असं आजोबांनी म्हटलं असतं, तर फट खरी ठरली असती. ओढ्यापाशी संपते असं म्हटलं, तर सगळी घरं वरच्या गावात, म्हणजे पार्कमध्ये. आजोबा उताराकडे न वळता खाली ओढ्याकडे निघाले. सुजाताने त्यांचा सदरा धरला आणि पुटपुटली, "आबा, वरून दाखवा. घरांच्या वरून."

ते थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रोज पंचशील म्हनतो म्या. आन आता शिवंवर उभा ऱ्हाऊन खोटं बोलू?"

तिने सदरा सोडला.

घाणेरीच्या एका झुडपाशी येऊन त्यांनी पायाने जमीन दाखवली. "हितं दगुड हाय." साहेब खाली बसले. पांढऱ्या पँटची पर्वा न करता गुडघ्यांवर बसून त्यांनी हातांनी माती उकरली आणि दगड निघाला. वर खूण कोरलेली. पुढे शंभरेक पावलांवर दुसरा. मग विहिरीच्या मागे तिसरा, तोही म्हातारा म्हणाला तिथेच. तिसरा दगड निघाला तेव्हा ते चक्क हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. आजोबांचा हात दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "बरोबर. अगदी बरोबर. आमच्या खात्यात एवढं कुणाला येत नव्हतं." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्याला त्याच्या कामाचं कुणी विचारलंच नसावं.

सोमवारी ते सुजाताच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "वरच्या गावाला जोडा."

ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. "सर, घरं बघितलीत ना तुम्ही?"

"बघितली. पण मी घरं बघायला गेलो नव्हतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही करा."

मी केलं. मी नोकरीत कायम व्हायचा होतो, वगैरे कारणं माझ्याकडे आहेत, ती मी तुम्हाला सांगत बसत नाही. एक बटण दाबलं आणि पडद्यावरची एक रेघ गेली. सुजाता उठली, पर्स घेतली आणि जिन्यावरून खाली गेली. खाली कुणीतरी 'हॅलो, हॅलो' ओरडत होतं.

चहाच्या वेळी मी धीर करून विचारलं, "जागेबद्दल वाद आहे, एवढा शेरा तरी लिहिता आला असता."

"आला असता."

"मग?"

"वाद आहे असं लिहिलं, की त्या माणसाचा शब्द संशयित ठरतो. एवढं खरं बोललेल्या माणसाला मी संशयित ठरवू?"

त्यांनी घरून आणलेला चहा बशीत ओतला. ते गंमत करत नव्हते. मला त्यांचा राग आला, आणि तरीही चहा संपवून मी पुढच्या गावाचा नकाशा उघडला.

यादी निघाली. वस्तीचं नाव तीत कुठेच नव्हतं. घरं पडली ती एका सकाळीत पडली. सुजाताने नोकरी सोडलीच होती. पुढे ती दुसरीकडे लागल्याचं कळलं. एकदा लक्ष्मी रोडवर समोरून येताना दिसली, तेव्हा ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. तो तिचा हक्कच होता. काही वर्षांनी फटी आपोआप बुजवणारी प्रणाली आली आणि आमच्या तपासनिसांचं काम संपलं. निरोपसमारंभाला ते आले नाहीत.

ते वारल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. निघताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, दर महिन्याला हिंजवडीकडे एका आजोबांना भेटायला जायचे हे. त्यांना कळवायला हवं. आपण कळवाल का?"

मी चकित झालो आणि खरं सांगायचं तर घाबरलोही. पण गेलो. नदीच्या कडेला पत्र्यांच्या खोल्यांची रांग होती. आजोबा एका टोकाला बाजेवर एकटेच बसले होते. समोरच्या दारात एक बाई तांदूळ निवडत होती. मी नमस्कार केला, तिने मान वर केली नाही.

आजोबांना बातमी सांगितली. त्यांनी डोक्याचा मफलर काढून मांडीवर ठेवला.

"चांगला मानूस व्हता," मग ते म्हणाले. "हितं मला कुनी बोलत न्हाई. म्हनत्यात, म्हाताऱ्यानं दाखवलं म्हनून घरं गेली. साहेब तेवढे यायचे. हितं बसून च्या घ्यायचे, शिवंच्या गोष्टी इचारायचे. त्यांनीच सांगितलं मला, 'आजोबा, तुमचं काय चुकलं न्हाई. म्या नंबर घातला व्हता, हापिसातल्या वरच्या लोकांनी खोडला.'"

मी बाजेच्या काठावर बसलो. ज्या माणसाने आयुष्यभर कागदावर केसाएवढं खोटं चालू दिलं नाही, तो दर महिन्याला इथे येऊन हे सांगत होता. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून, असं तुम्ही म्हणाल. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, इथला चहा घशाखाली उतरावा म्हणून.

"तुमी तवा त्यांच्यासंगं हापिसात व्हता न्हवं?" आजोबांनी माझा हात धरला. "खरं हाय ना हे? नंबर घातला व्हता ना?"

मी म्हणालो, "हो आजोबा. घातला होता."

म्हातारा बाजेवरून उठला. समोरच्या दाराकडे बोट करून, असेल नसेल तेवढा जोर लावून ओरडला, "ऐकलं का? ह्यो मानूस हापिसातला हाय. ह्यो बी त्येच सांगतोय!"

बाईने तांदळाचं ताट उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं.