उकरलेला वाल

शाळेच्या परसबागेत तिसरीतली एक मुलगी स्वतः पेरलेला वाल रोज उकरून बघते आणि पुन्हा मातीत पुरते.

"अगं, अशानं तो उगवायचा नाही!" आज मी ओरडलेच.

"पण बाई, आत काय चाललंय ते कळणार कसं?"

डी.एड.ला असताना एका परदेशी तत्त्वज्ञाचं म्हणणं मी घोकून पाठ केलं होतं: मूल स्वतः करून बघतं, तेव्हाच शिकतं. पेपरात ते जसंच्या तसं उतरवलं आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले. तेव्हापासून बी कसं रुजतं, हे मी फळ्यावर चित्र काढूनच शिकवत आले. रुजणारं बी मी स्वतः कधी पाहिलंच नव्हतं.

साडी सावरत मी तिच्याशेजारी मातीत बसले.

"हळू उकर," म्हटलं, "मलाही बघू दे."