दवाखान्यातलं उष्टावण

"तुमचं बाळ कुपोषित आहे," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तशी मी खुर्चीवरून उठलेच. माझी मोनाली तेव्हा दहा महिन्यांची, लोण्याचा गोळा. मांडीला इतक्या वळ्या की एकीत चुरमुरा अडकला तर दुसऱ्या दिवशी आंघोळीलाच सापडायचा. आणि ही बाई म्हणते कुपोषित! माझा आवाज मुळातच मोठा. लेण्याद्रीच्या पायथ्याला उभी राहून मी गाईला हाक मारली तर वर लेण्यातली वटवाघळं भरदुपारी जागी होतात. त्या आवाजात मी विचारलं, "बाई, चष्मा पुसलाय का तुम्ही?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मोनालीचा हात माझ्यापुढे धरला. बोटांच्या पेरांवर काळे डाग होते. केस विरळ आणि तांबूस. डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवली, आत कागदासारखा पांढरा रंग. मग तिच्या कानाशी टाळी वाजवली. पोरीनं मान वळवली नाही.

"ही आधी बसायची का?"

"उशीच्या टेकूनं बसायची."

"आणि हसायची?"

इथं मात्र माझा आवाज गेला. हसायची की. घरात शिरलेल्या कोंबडीला हसायची, माझ्या शिंकेला हसायची. पण गेले दोन महिने तिनं कुणाकडे बघून ओठ हलवला नव्हता. घरात सगळे खूश होते. सासूबाई तर म्हणायच्या, "पोर लई गुणाची. आईवर न्हाई गेली."

हे नव्वद सालानंतरचं, जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावचं. दवाखाना मंचरला, पोरीच्या सर्दीचं औषध आणायला गेले होते. ज्या बायांची पोरं अशीच 'लई गुणाची' आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. तेवढं वाचा आणि मग मला काय नावं ठेवायची ती ठेवा.

रक्त तपासायला घेतलं. बाकावर बसून वाट बघितली. त्या बाकाचं लाकूड इतकं कठीण होतं की त्यावर बसून माणूस बरा होण्याऐवजी नवीन आजार घेऊन उठावा. एक नमुना पुण्याला पाठवला, पण बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून आधीच सांगून टाकलं: मेगॅलोब्लास्टिक ॲनिमिया. म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी आकारानं मोठ्या, पण संख्येनं कमी आणि कामाला कच्च्या. गावच्या पुढाऱ्यांसारख्या, असं मी मनात म्हटलं. आणि त्याचं कारण व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्हची कमतरता. हे जीवनसत्त्व रक्त घडवतं, मेंदू आणि नसा वाढवतं. ते दुधात, दह्यात, अंड्यात, मटणात असतं. भाकरी-भाजीत नसतं.

"पण ही माझं दूध पिते," मी म्हणाले. "पोटभर पिते."

"पोट भरतं हो. म्हणून अंग भरलेलं दिसतं. पण तुमच्याच अंगात ते जीवनसत्त्व उरलेलं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मला आजवर लोकांनी तोफ म्हटलंय, भोंगा म्हटलंय. कोरडा आड पहिल्यांदाच म्हटलं.

आता आड कोरडा कसा पडला ते ऐका. माझं माहेर कळंबचं. तिथं मी एका बैठकीला अख्खी कोंबडी संपवायची, आणि हाडं अशी स्वच्छ करायची की कुत्रं वास घेऊन निघून जायचं. सासर माळकरी. लग्नानंतर मटण सुटलं, अंडं सुटलं. त्याची तक्रार नाही. गोठ्यात तीन गाई होत्या, दुधाला काय तोटा? पण दूध घरचं नव्हतंच, दूध डेअरीचं होतं. गाय आमची, वैरण आमची, शेण आमचं, दूध तेवढं डेअरीचं. सकाळी टेम्पोनं हॉर्न वाजवला की चरवीतला शेवटचा थेंबही कॅनमध्ये. बाळंतिणीनं वाटीभर मागितलं तर सासूबाई अशा बघायच्या, जणू मी गाईचं एक थानच मागितलंय. मी कोरा चहा प्यायची. पाच वर्षं कोरा चहा. अंगात होता तो माहेरचा साठा पहिल्या लेकरानं आणि मग मोनालीनं ओढून घेतला.

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, "वरचं काय देता हिला? वरण, भात, केळं?"

"काही नाही. अजून उष्टावण व्हायचंय."

"दहा महिने झाले!"

"मामा रुसलाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

आमच्याकडे बाळाला पहिला घास मामानं भरवायचा. मामानं मांडीवर घ्यायचं, चांदीच्या वाटीतली खीर बोटानं चाटवायची. त्याच्याआधी पोराच्या तोंडात शीतसुद्धा जाता कामा नये. आणि माझा दादा माझ्या दिराच्या लग्नापासून आमच्या घराला तोंड दाखवत नव्हता. का, तर त्याला फेटा बांधला तो जीपच्या ड्रायव्हरनंतर, आणि तोही उरलेला, विटका गुलाबी. फेट्यावरून तिकडे दादा अडून बसला, 'आमी काय पाय धरायचे का' म्हणून इकडे सासूबाई अडून बसल्या, आणि मधे माझी पोर तोंड मिटून.

बाई म्हणाल्या, "तुमची माळ तशीच राहू दे. तुम्ही दूध-दही खा, तुम्हालाही इंजेक्शन देते, बाळालाही देते. आणि घास आता थांबवू नका." मग हळू आवाजात म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. औषध लागू पडायला लागलं की काही बाळांचे हातपाय थरथरतात. घाबरू नका. मेंदू किती भरून येईल ते आज सांगता येत नाही. ही कुणाकडे बघून हसली की समजा, परत फिरली."

मोनालीला दाखल केलं. आम्हा मायलेकींना सुया सुरू झाल्या. ती रडली नाही, मी दोघींच्या वाटचं रडले.

दोन-तीन दिवसांत तिचे हात कापायला लागले. आधी बोटं, मग मनगट, मग हनुवटी. गहू चाळताना चाळणी हलते तशी माझी पोर हलत होती. बाईंनी सांगितलेलं होतं, तरी पाहणं वेगळं. आणि नेमक्या त्याच दुपारी सासूबाई आणि आमचे हे डबा घेऊन आले.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "बया बया! चांगली पोर आनली व्हती, सुया टोचून टोचून पार बिघडवली. चला घरी. देवरुषी बघंल काय ते."

हे म्हणाले, "मी जीप बघतो. तू आवर."

मी खाटेचा गज दोन्ही हातांनी धरला. असा धरला की मला न्यायचं तर खाट, गादी, सलाईनचा स्टँड आणि निम्मी भिंत जीपमध्ये घालावी लागली असती. "जीप आणा," मी म्हणाले, "आणि तुमी दोघं बसून जा. मी आनि माझी पोर हितनं हलत न्हाई."

"नवऱ्याफुडं बोलती!"

"आत्याबाई, पाच वर्सं कोरा चहा पिऊन गप बसले. त्यानं काय झालं ते खाटंवर बघा."

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ती झोपेपर्यंत थांबा." मोनाली झोपली आणि सगळी थरथर थांबली. हात कसे शांत. "बघितलंत? झोपेत थांबतं. हे या आजारातलंच आहे, जायला थोडे आठवडे लागतील. औषध मधेच सोडलं तर मात्र मी काही सांगू शकत नाही." आमचे हे त्या शांत हाताकडे बघत खाटेशी बसले. जीप काही बघायला गेले नाहीत.

पोरगी जागी झाली आणि मी डबा उघडला. वरणभात होता. बोटांनी मऊ कुस्करला.

सासूबाई उभ्याच राहिल्या. "मामाबिगर घास? अगं, रीत हाय!"

दादाचं कळंब तिथून सायकलच्या टप्प्यात होतं. पोर दवाखान्यात असल्याचा निरोप दोनदा गेला होता, तरी तो आला नव्हता. मी ह्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, डोक्याला गुंडाळला, मागं शेमलासुद्धा सोडला, आणि मोनालीला मांडीवर घेऊन वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणाले, "घ्या. फेटा बी बांधला. ड्रायव्हरच्या आधी बांधला. आजपासनं हिची आई बी मी आनि मामा बी मी!"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी इतकी हसली की तिची कवळी पडता पडता राहिली. एका बाईनं तोंडानंच सनई वाजवली. मी पहिला घास भरवला. मोनालीनं तो जिभेवर फिरवला, विचार केला, आणि सगळाच्या सगळा माझ्या अंगावर थुंकला. दुसरा गिळला. तिसऱ्याच्या वेळी तिचा तो कापणारा हात वर आला, वाट चुकत चुकत माझ्या डोक्यापर्यंत पोचला, आणि तिनं टॉवेलाचं टोक धरून खाली ओढलं.

दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं काहीतरी मागितलं होतं. सासूबाईंनी पाण्याची वाटी पुढे केली.

दादा चार दिवसांनी आला. कुणीतरी मंचरच्या बाजारात त्याला सांगितलं होतं की तुझ्या बहिणीनं तुझी जागा घेतली, फेट्यासकट. तो खिरीची झाकलेली चांदीची वाटी घेऊन दारात उभा. "सुमे, मी हाय ना जित्ता. मामा मी हाय."

"पहिला घास संपला, दादा. शिळा हाय, चालंल का?"

तो खाली बसला, वाटी उघडली, मोनालीच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याचाच चेहरा वाकडा झाला. भला मोठा पैलवान गडी, खिरीत टिपं गाळायला लागला. मोनालीनं त्याच्याकडे टक लावून बघितलं. आणि हसली. बोळकं तोंड उघडून, मान कलती करून.

काय न्याय आहे बघा! दहा महिने दूध मी पाजलं, गज मी धरला, घास माझ्या अंगावर, आणि पहिलं हसू कुणाला? रुसलेल्या मामाला! मी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की वाटी दोन खाटा पलीकडे गेली. मग मीही खाली बसून रडले. डॉक्टरीणबाई दारातून बघत होत्या. त्याही चष्मा पुसत होत्या, अखेर.

थरथर जायला आठवडे लागले. सुयांनंतर तोंडानं घ्यायचं औषध कितीतरी दिवस चाललं. मोनाली चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा. पुढे मात्र थांबलीच नाही. आता शाळेत जाते, आणि तिचा हात खोडी काढताना मुळीच कापत नाही.

त्या बाईंचे पाय मी धरले नाहीत, त्यांना आवडलं नसतं. पण आमच्या घरात एक गोष्ट बदलली. टेम्पोचा हॉर्न वाजतो, वाजू दे. आधी एक तांब्या दूध चुलीपाशी ठेवलं जातं, घरातल्या बाईसाठी. मग कॅन. तो तांब्या आता सासूबाई भरतात, आणि टेम्पोवाल्याला म्हणतात, "थांब रं जरा. आधी घरचं."

बायांनो, पोर गप असेल तर तिला गुणाची म्हणू नका, डॉक्टरला दाखवा. ताटातलं शेवटचं, उरलेलं, तळातलं खाऊन बाळ पोसता येत नाही. आणि सहा महिने झाले की घास द्या. मामा रुसला असेल तर रुसू दे. मला कळवा. टॉवेल माझा मी घेऊन येईन.