खालच्या टाकीची रेघ

माझी बायको कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. दोन हजार सालानंतर कधीतरी तिने आमच्या कोल्हापुरातल्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. वरच्या टाकीत दोन नारिंगी मासे होते, अंगावर पांढरे पट्टे असलेले, आणि एक समुद्रफूल. नावाला फूल, पण तो प्राणीच. मासे त्याच्या लांब बोटांमध्ये शिरून राहायचे. स्टँडखालच्या कपाटात दुसरी एक काचेची टाकी होती, वरून उघडी. वरचं पाणी पाइपाने खाली पडायचं, तिथे गाळलं जायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. थर्मामीटरही खालीच. हॉलमध्ये बसणाऱ्याला त्यातलं काही दिसू नये, म्हणून कपाटाला दार.

मी इतिहासाचा माणूस. संध्याकाळी खुर्चीत वाचत बसलो की पाण्याचा आवाज कानावर यायचा, एवढाच माझा त्या टाकीशी संबंध. ती आजारी पडली तेव्हा मला शिकावं लागलं. दवाखान्यातल्या कॉटवर पडून ती सांगायची, "अहो, वरचं पाणी बघू नका. ते कायम भरलेलंच दिसतं. उडतं ते सगळं खालच्या टाकीत कमी होतं." हवेत जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, रोज, थोडी थोडी. कुठवर, ते कळावं म्हणून खालच्या टाकीच्या काचेवर तिने नेलपॉलिशने लाल रेघ ओढली होती. टाकी जेमतेम निम्मी भरेल अशी ती रेघ होती. उरलेली जागा रिकामी का, हे मी विचारलं नाही. तीही दमलेली असायची. शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं, तरी मी कॉटजवळ गेलो की ती विचारायची, "रेघेला आहे?" मी म्हणायचो, आहे. आणि खरंच असायचं.

मार्चमध्ये ती गेली. घरातून तिला नेल्यावर बायकांनी रीतीप्रमाणे घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकलं. हंडे, घागरी, पिंप, फ्रीजमधल्या बाटल्यासुद्धा. माशांच्या टाकीला मात्र कुणी हात लावला नाही. "जीव हाईत त्यात," आई म्हणाली. आई गडमुडशिंगीहून आली होती आणि आता राहणार होती. ते तेरा दिवस मी आणखी काही केलं असेल तर आठवत नाही, रोज रेघेपर्यंत पाणी घातलं एवढं आठवतं.

तेराव्याला घर धुऊन काढलं. सगळी भांडी घासून नव्या पाण्याने भरली. दुपारी पानं उठली, आलेली माणसं हॉलमध्ये सतरंजीवर टेकली होती, आणि लाइट गेली. त्या वर्षांत ती रोजच जायची. पंप थांबला, तेव्हा मला विशेष काही वाटलं नाही. थोड्या वेळाने चुलते बसल्या जागेवरून उठले.

"कोन सांडलं रं पानी?"

कपाटाच्या दाराखालून पाणी येत होतं. सतरंजी भिजली, कुणाच्या तरी पिशव्या भिजल्या. चुलत्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"वैनी, खारं हाय की ओ हे! सून गेली आनि घरात समिंदर सोडून गेली."

"गप बसा भावजी," आई म्हणाली. "दिवस काय, बोलताय काय."

मी दार उघडलं. खालची टाकी काठोकाठ भरून वाहत होती आणि वरून अजून पाणी उतरतच होतं. पंप थांबला की वरच्या टाकीतलं वरवरचं पाणी आणि पाइपातलं पाणी खाली येतं. ते मावावं म्हणून ती जागा रिकामी ठेवलेली होती. हे मला त्या दिवशी, पायाखाली ओलं लागल्यावर कळलं.

"हे कुणी भरलं?"

"मी भरलं की," आई म्हणाली. "सगळी भांडी भरायची असत्यात आज. हे निम्मंच हुतं. चार घागरी वतल्या."

"आणि रेघ?"

"कसली रेघ?"

"काचेवर लाल रेघ होती."

"ती व्हय? डाग पडलावता. घासून काढला बग. लई चिवट हुता."

 आई ओणवी होऊन फडक्याने पाणी टिपत होती आणि बादलीत पिळत होती. माणसं एकेक करून उठली. लाइट आली तेव्हा पंप पुन्हा सुरू झाला आणि घागरींचं पाणी वर चढवू लागला.

संध्याकाळपर्यंत फूल मिटलं. पसाभर होतं ते मुठीएवढं झालं, बोटं आत ओढून घेतलेली. मासे एका कोपऱ्यात जाऊन राहिले. खारेपणा मोजायची काचेची नळी बायकोच्या कपाटात होती, ती पाण्यात सोडली तर खूप खाली बुडली, म्हणजे मीठ फार उतरलं होतं. मिठाचा डबा होता, पण एकदम मीठ घातलं तर जे उरलंय तेही मरेल, एवढं तिने सांगितलेलं होतं. मग रोज थोडं पाणी काढायचं, त्यात मीठ विरघळवायचं आणि परत घालायचं. फूल मेलं तर त्याने पाणी नासेल आणि मासेही जातील. ते मेले तर मला पंप बंद करून टाकता येईल, असंही एकदा मनात आलं. पण दुसऱ्या दिवशी मी मीठ घालायला उठलोच.

त्यात एप्रिल लागला. पाणी तापू लागलं. बाटल्यांत बर्फ करून त्या बूच लावून खालच्या टाकीत सोडायच्या, आणि कपाटाचं दार उघडं ठेवून पाण्यावर टेबलफॅन लावायचा. पंख्याने पाणी निवतं, पण उडतंही जास्त. म्हणजे गारवा हवा तर भर जास्त घालायला हवी, आणि भर कुठवर घालायची ते सांगणारी रेघ नव्हती. मी अंदाजाने घालायचो. एकदा कमी पडलं आणि पंप हवा ओढून खरखरला. एकदा लाइट गेल्यावर पुन्हा थोडं सांडलं.

बाटल्या बदलायचं काम आईने आपणहून घेतलं. "माणसास्नी पंखा न्हाय आनि माशास्नी बरफ," ती पुटपुटायची. पण बाटली कधी चुकली नाही. एका दुपारी ती कपाटापुढे बसली होती. म्हणाली, "ती रेघ परत काढ की रं."

"कुठे काढू? कुठे होती ते नक्की आठवत नाही."

"लाइट जाताना बग. वरचं किती खाली येतंय ते कळंल. तेवढी जागा सोडायची. पोरीनं तसंच केलं असंल."

दुसऱ्या दिवशी लाइट जायच्या वेळेला मी खालच्या टाकीतलं पाणी मुद्दाम कमी करून ठेवलं. पंप थांबला. आम्ही दोघं फडकी घेऊन बसलो. पाणी चढत गेलं आणि काठाच्या बरंच खाली थांबलं. लाइट आल्यावर मी थोडी भर घातली. असं आणखी एक-दोन दुपारी केलं. शेवटी पाणी काठाच्या बोटभर खाली थांबलं. लाइट आली, पंपाने आपलं पाणी वर नेलं आणि खालची पातळी एका जागी स्थिर झाली. तिथे, काच जोडलेल्या कोपऱ्यातल्या चिकट पट्टीवर, घासणी पोचली नव्हती तेवढ्यात लाल रंगाचा एक ठिपका राहिलेला होता.

आई चष्मा नीट करून बघत राहिली. म्हणाली, "हितंच हुती."

नेलपॉलिशची बाटली आरशाखालच्या खणात होती, सुकत आलेली. आईने वाटीत गरम पाणी घेऊन ती त्यात उभी केली. मी ओढलेली रेघ जाड आली, थोडी वाकडी.

खारेपणा ठीक व्हायला मे उजाडला. एका सकाळी आईने हाक मारली. फूल उघडलं होतं, पूर्वीएवढं नाही, पण एक मासा त्यात शिरून अंग घासत होता. दुसरा जवळच होता. आई खूश होती. मला फार दमल्यासारखं झालं. म्हणजे हे आता रोज करायचं होतं.

मी खाली वाकून बघितलं. रात्रभर पंखा चालला होता, पाणी रेघेच्या खाली गेलं होतं. तांब्या आणायला उठलो.