मणका मोरीचा की आणखी कुणाचा?

आमच्या मालवणच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये हाडं मोजकी आणि किस्से फार. हाडांना निदान नंबर तरी घालतो आम्ही. किस्से नुसतेच साचतात!

कच्छहून आलेली खोकंभर जीवाश्मं, सगळे तुकडेच. त्यातला चकतीसारखा एक मणका 'इक्थिओसॉरचा' असं मी ठोकून दिलं. म्हणजे दिसायला डॉल्फिनसारखा, पण सरड्या-सुसरींच्या गोतातला जुना समुद्री प्राणी. मी एकटीने ओळखलेलं पहिलंच हाड! पण मोरीचे, म्हणजे शार्कचे मणकेही दोन्हीकडून असेच खोलगट. चुकले असेन तर? माझी झोपच उडाली.

*

दगड की हाड हे कळायला तुकडा जिभेला लावतात. हाड असेल तर चिकटतं. मी लावला, तर शिपाई दत्तारामकाका ओरडले, "गो बाय, सोमवारी हाडूक चाटतस?"

आमच्या लॅबचे सर गंभीरपणे म्हणाले, "काका, त्याचो दगड झालोहा. उपासाक चलता!"

तुकडा माझ्या जिभेला लटकलेला. मला धड हसताही येईना.

*

आरोंद्याहून एकजण पिशवीतून 'डायनासोर' घेऊन आले. सर म्हणाले, "म्हशीचो मणको."

ते खट्टू झाले. मग हळूच, "जुन्या म्हशीचो तरी आसा मां?"

*

तुलनेसाठी आम्हाला ताज्या माशांचे मणकेही लागतात. सर आमच्याकडे जेवायला आले तेव्हा आईने मोरीचं कालवण केलेलं. सरांनी ताटातले मणके धुतले आणि रुमालात बांधले.

आई कळवळली. "सर, असा नको ओ! डबो भरून देतंय!"

*

मला स्थळ आलं. त्यांनी चौकशीला सरांना फोन केला. सरांनी मनापासून कौतुक केलं, "नुसत्या तुकड्यावरून अख्खा प्राणी ओळखते!"

स्थळ परत फिरकलं नाही.

*

शेवटी बाहेरून तज्ज्ञ बाई आल्या. माझा मणका उलटसुलट बघून म्हणाल्या, "कापून आतलं बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"कापायचा नाही!" सर म्हणाले. "एकच आहे."

बाईंनी मणका माझ्या हातात ठेवला. तेवढ्यात काका मागून, "बाय, चाय!"

मी दचकले. खाडकन! दोन तुकडे.

मी रडायच्या बेतात. बाई मात्र जमिनीवर बसून भिंगातून बघत होत्या. "आत जाळीदार हाड आहे! मोरीला हाड नसतंच, कूर्चा असते. तुझं बरोबर आहे गं, इक्थिओसॉरच!"

सरांनी दोन्ही तुकडे ओंजळीत घेतले.

बाईंनी अहवाल लिहायला घेतला. "तपासणीची पद्धत काय लिहू?"

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"दचकणे."