भाट्याच्या काकूंचं लिनक्स

विकतचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याकडे बिलं साठतात आणि फुकटचं वापरणाऱ्याकडे किस्से. लग्नात, एसटीत, कुठेही कोणी विचारलं, "तू ते लिनक्स वापरतोस ना?" की समजायचं, समोरच्याचा अर्धा तास गेला. आमच्या रत्नागिरीच्या मंडळाकडे तर किस्से इतके साठलेत, की कोणता कोणी सांगायचा यावरून आमच्यातच भांडणं होतात. आज दुकानात मी एकटाच आहे, तेव्हा सगळे मीच सांगून टाकतो.

मंडळ म्हणजे फार काही नाही. एसटी स्टँडजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे, तिथे आम्ही जमतो. मी, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणारा अविनाश, आणि गणिताचे निवृत्त शिक्षक दामले सर. चौथा सुजित. खरं तर पहिला तोच, कारण या नादाला आम्हाला त्यानेच लावलं. सुजित मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे. वर्षातले बरेच महिने तो समुद्रावर आणि त्याची आई भाट्याला घरात एकटी.

काकूंचे डोळे अधू झालेत. मोबाइलवर त्यांना मुलगा म्हणजे एक हलणारा ठिपका दिसतो. म्हणून सुजितने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला भला मोठा मॉनिटर जोडला. दर रविवारी दुपारी तो बोटीवरून त्या मशीनवरच व्हिडिओ कॉल करतो आणि काकू त्याला पोटभर बघून घेतात. बाकी काहीही बंद पडलं तरी चालेल, तो कॉल चुकता कामा नये, एवढंच त्याने आम्हाला सांगून ठेवलंय. मंडळाचं सध्या तेवढंच एक काम आहे, आणि माझे लाडके किस्से त्यातलेच.

*

सुरुवात झाली ती काकूंच्या मशीनवर कोणतं लिनक्स टाकायचं इथून. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर, हे एक नसतं, त्याचे ढीगभर प्रकार असतात, आणि ज्याला त्याला आपलाच प्रकार थोर वाटतो. दामले सर म्हणत होते उबंटू, मी मिंट, आणि अविनाशचं म्हणणं, "टाकायचं तर डेबियन, नाहीतर मी येत नाही." सुजित तेव्हा घरीच होता, पण त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

शेवटी आम्ही आपापले पेनड्राइव्ह घेऊन भाट्याला गेलो. पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून दाखवायचं आणि काकू सांगतील ते टाकायचं, असं ठरलं. काकू साडीच्या दुकानात बसावं तशा पाय दुमडून बसल्या आणि एकेक बघून म्हणायला लागल्या, "आणखी दाखव."

अविनाशची पाळी आली. त्याने अभिमानाने आपला काळाकुट्ट स्क्रीन समोर ठेवला. चित्र नाही, बटण नाही, नुसती पांढरी अक्षरं. काकूंनी बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "मेल्या, यातला दिवा खंय लागतो?"

मिंट निवडलं गेलं. माझा विजय म्हणून मी मिरवतो, पण खरं कारण वेगळं आहे. त्यात माऊसचा बाण सगळ्यात मोठा करता येत होता, आणि काकूंना तो खुर्चीतून दिसत होता. आमच्यापैकी एकानेही बाणाचा विचार केला नव्हता.

*

दामले सरांचा प्रिंटर. सरांनी स्वतःच्या मशीनवर लिनक्स टाकलं आणि प्रिंटर जोडण्यासाठी अख्खा रविवार राखून ठेवला. त्यांनी महिनाभर वाचन केलं होतं. ड्रायव्हर मिळत नाही, मिळाला तर चालत नाही, चाललाच तर शाई दिसत नाही, असं सगळं त्यांना पाठ होतं. मदतीला म्हणून मला आणि अविनाशला जेवायलाच बोलावलं होतं.

सरांनी वायर लावली. कोपऱ्यात छोटासा संदेश आला, प्रिंटर तयार आहे. त्यांनी चाचणीचा कागद काढला. छान निघाला.

आम्ही टाळ्या वाजवल्या, पण सरांचा चेहरा उतरला. त्यांनी वायर काढली, पुन्हा लावली. पुन्हा छान निघाला. मशीन बंद करून चालू केलं. तरी निघाला. जेवणानंतर ताक पिता पिता म्हणाले, "नाही रे, काहीतरी राहिलंय." चाळीस वर्षं मुलांची गणितं तपासलेल्या माणसाला पहिल्याच फटक्यात बरोबर आलेलं उत्तर सहन होत नाही. अजूनही ते त्या प्रिंटरकडे जरा संशयाने बघतात.

*

काकूंच्या वायफायने अविनाशला पार रडवलं. कॉलमध्ये सुजितचं तोंड हलायचं, मग थिजायचं. काकू घाबरायच्या. अविनाशने वायफायच्या कार्डाचा ड्रायव्हर बदलला, सेटिंग बदलली, लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नलसुद्धा बदलून पाहिला. बाहेर चांगली उन्हं असताना तो आत मशीनच्या नोंदी, म्हणजे लॉग, वाचत बसायचा, आणि काकू त्याच्यापुढे आंबोळी ठेवून जायच्या. सिग्नल कधी उत्तम, कधी मेलेला. काही ताळमेळच लागेना.

एका रविवारी दामले सर हात धुवायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच त्यांनी अविनाशला हाक मारली. फळीवर मोठा स्टीलचा डबा होता, आणि त्याच्या झाकणाच्या फटीतून वायर बाहेर आली होती. राऊटर आत होता, आणि झाकण लावलेल्या स्टीलच्या डब्यातून सिग्नल कुठला बाहेर यायला.

काकूंना त्यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही. त्यांचं घर समुद्राला लागून आहे. खाऱ्या हवेने त्यांच्या टीव्हीची पिन हिरवी झाली, मिक्सरचे स्क्रू गंजले, शिलाई मशीन आवळून बसलं. मुलाचा चेहरा ज्यातून येतो ती वस्तू उघड्यावर कशी ठेवायची? कॉलच्या आधी आठवण झाली तर त्या झाकण काढायच्या, नाही झाली तर राहायचं.

अविनाशने काही वाद घातला नाही. पुढच्या खेपेला तो प्लास्टिकचा डबा घेऊन आला, मागे भोकं पाडून. राऊटर अजून त्यातच आहे. वर काकूंनी क्रोशाचा रुमाल घातलाय, त्याची सिग्नलला हरकत नाही.

*

एकदा कॉल लागला, चित्र लख्ख, आणि आवाजच नाही. आम्ही तिघंही तिथेच होतो, त्यामुळे गोंधळ तिप्पट. अविनाश टेबलाखाली, मी सेटिंगमध्ये आणि दामले सर स्पीकरवर टिचक्या मारतायत.

तोवर काकूंनी आमचा नाद सोडला होता. त्यांनी आतून ताट आणलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. सुरमईची तुकडी, सोलकढी, भात. सुजितने तिकडून छातीवर हात ठेवला. मग काकूंनी स्वतःचे गाल आत ओढून त्याच्याकडे बोट केलं, म्हणजे वाळलास. त्याने दंड दाखवला. काकूंनी मान हलवली, पटलं नाही. मग डोळ्यात थेंब टाकायची खूण करून त्याने विचारलं, औषध घालतेस ना? काकूंनी खिडकीबाहेर बघितलं.

आवाज मॉनिटरच्या वायरीतून जात होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते, हे मला तेवढ्यात सापडलं. मी माऊसने एक टिचकी मारून तो स्पीकरकडे वळवला आणि खोलीत बोटीच्या इंजिनाची घरघर ऐकू यायला लागली.

आवाज आला आणि दोघंही गप्प झाली. जरा वेळाने काकू म्हणाल्या, "बोल ना." सुजित म्हणाला, "तू बोल." आम्ही तिघं अंगणात जाऊन उभे राहिलो.

*

अपडेटचाही एक आहे. अविनाशला जुनं व्हर्जन दिसलं की झोप येत नाही. एका शनिवारी त्याने मिरजोळ्यात बसून काकूंचं मशीन दुरून अपडेट केलं, आणि रविवारी सकाळी स्क्रीन काळा. आम्ही धावत गेलो. मशीनची अपडेटच्या आधीची प्रत ठेवलेली होती म्हणून ते जसंच्या तसं मागे नेता आलं आणि कॉल वाचला. अविनाश घामाघूम झाला होता. काकूंचे यजमानही बोटीवरच होते, त्यामुळे त्या त्याच भाषेत बोलल्या. "बोट सुटायच्या टायमाला इंजिन खोलतात काय रे?"

तेव्हापासून शुक्रवारनंतर काकूंच्या मशीनला कोणी हात लावत नाही. अविनाशने हाच नियम कारखान्यातही लावलाय. तिथे तो स्वतःचा म्हणून सांगतो.

*

आता शेवटचा. हा सांगताना अविनाश असला की तो उठून चहा सांगायला जातो.

सुट्टी संपवून सुजित पुन्हा निघाला. या वेळी बोट परदेशात एका बंदराबाहेर उभी होती, लाँचने, म्हणजे छोट्या मोटरबोटीने, जाऊन तिच्यावर चढायचं होतं. तिथल्या हॉटेलातून त्याने काकूंना साधा फोन केला, की सकाळी लाँच सुटेल, आणि आता रविवारी बोटीवरूनच तोंड दाखवतो. त्यानंतर निरोप नाही. तिकडे समुद्र खवळलाय एवढं कानावर आलं होतं. हलत्या लाँचमधून दोरीच्या शिडीने बोटीवर चढायचं म्हणजे काय, हे काकूंना कोणी सांगायची गरज नव्हती. मी बोटीच्या कंपनीच्या एजंटला फोन लावत होतो, तो उचलत नव्हता.

रविवारी सकाळी काकूंचा फोन आला. पासवर्ड घातला की मशीन आत घेतं आणि लगेच पुन्हा पासवर्ड विचारतं.

आम्ही पोचलो तर अंगणात पानांचा खच पडलेला. ओटीवर पाचोळा, आत पायाखाली वाळू करकरतेय. काकूंचं घर एरवी आरशासारखं असतं. दामले सरांनी हळूच विचारलं, बरं नाही का. काकू म्हणाल्या, बरी आहे, तुम्ही मशीन बघा.

अविनाशने आपला तो पांढऱ्या अक्षरांचा काळा स्क्रीन उघडला, दोन आज्ञा दिल्या आणि त्याला कारण सापडलं. डिस्क काठोकाठ भरली होती. जागाच नसली की लिनक्स माणसाला आत घेत नाही, दारातूनच परत पाठवतं. आणि जागा खाल्ली होती ती कचरापेटीने. सुजितने निघायच्या दिवशी जुने सिनेमे, जुन्या फाइली, सगळं पेटीत टाकलं होतं. पेटी रिकामी केलीच नव्हती.

"एवढंच होय!" अविनाश म्हणाला. पेटी रिकामी करायची आज्ञा त्याने टाइप केली आणि बोट एंटरवर नेलं.

"थांब," काकू दारातून म्हणाल्या. "तो पोचला काय?"

माहीत नाही, असं मी म्हणालो.

"मग रवांदे ते. जाताना त्यानेच सांगितलान मला, आई ती पेटी तेवढी रिकामी कर. मी केली नाही. आमच्यात माणूस बोटीवर निघाला की पोचल्याचा निरोप येईपर्यंत केर काढत नाहीत. माझ्या सासूने काढला नाही, मी काढला नाही. तो गेल्यापासून मी घरातला केर काढला नाही, नि तू यातला काढतोस?"

दामले सर समजुतीच्या सुरात सांगायला लागले, की हा खरा केर नव्हे, नुसत्या फाइली आहेत. काकूंनी त्यांना मध्येच थांबवलं. "माहीत आहे हो सर मला. पण नको."

घड्याळ पुढे सरकत होतं. पेटी रिकामी केली नाही तर मशीन उघडणार नाही, मशीन उघडलं नाही तर कॉल येणार नाही, आणि कॉल आला नाही तर तो पोचला हे कळणार नाही. अविनाशच्या तोंडून आता काय निघतंय याचीच मला धास्ती वाटत होती, कारण ग्रहणात जेवणारा आणि मांजर आडवं गेलं तर मुद्दाम पुढे जाणारा माणूस तो.

अविनाशने टाइप केलेलं सगळं खोडलं. पिशवीतून स्वतःची पोर्टेबल हार्डडिस्क काढली, मशीनला लावली आणि पेटीतलं सगळं एकेक करून तिच्यात हलवायला सुरुवात केली. पार शेवटच्या फाइलपर्यंत. जागा कमी पडली तेव्हा त्याने स्वतःचं काहीतरी पुसलं, काय ते आम्हाला अजून सांगितलेलं नाही.

"काढला नाही, काकू," तो म्हणाला. "नुसता बाजूला सारून ठेवलाय."

काकूंनी मान डोलावली. या वेळी पासवर्ड घातल्यावर मशीन उघडलं. आम्ही चौघं मॉनिटरसमोर बसलो. कॉलची वेळ झाली, टळून गेली. कोणी चहा करतो म्हणालं नाही. काकूंचे हात मांडीवर होते, आणि दामले सर उगाच चष्मा पुसत होते.

रिंग वाजली. काकूंनी तो मोठा बाण हिरव्या बटणावर नेला, पहिल्यांदा चुकला, मग लागला. सुजित दिसला. दाढी वाढलेली, अंगात बोटीचा डगला, मागे केबिनची गोल खिडकी.

"पोचलो गो आई. लाँच सुटतच नव्हती. आत्ताच चढलो, तसाच आलो बघ."

काकूंनी स्क्रीनवरून एकदा हात फिरवला. मग अविनाशच्या पाठीवर थोपटून म्हणाल्या, "काढ आता."

आणि उठून बाहेर गेल्या.

अविनाशने हार्डडिस्ककडे मोर्चा वळवला. सुजित तिकडून आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघत होता.

"अरे, आई खंय गेली?"

अंगणातून खराट्याचा आवाज येत होता.