विनोदिनी प्लग उपटते

चोपड्याच्या विनोदिनीला लोकांनी नीट लावून ठेवलेली वस्तू लहानपणापासून बघवत नसे. शेजारच्या सुशीलावहिनींनी ओळीने वाळत घातलेली कोकमाची सोलं ती उलटीसुलटी करून ठेवी आणि वहिनी कोणाच्या नावाने बोटं मोडतात ते माडाआडून ऐके. अशा मुलीला पुढे दुसऱ्यांच्या चुका काढायचाच पगार मिळाला, याला म्हणतात नशीब.

दोन हजार नऊ साली ती डिचोलीतल्या एका छोट्या कंपनीत लागली, सहा महिन्यांच्या बोलीवर. कुठल्या फाईलने डिस्कवर किती जागा घ्यायची ते ठरवणारा प्रोग्राम तपासायचा, हे तिचं काम. त्यात एक नवी सोय केली होती मोरजीच्या गोकुळदासने. हा गृहस्थ कंपनीत सर्वांत जुना आणि स्वतःच्या कामावर फार खूश. सोय अशी, की फाईल वाढणार असेल तर जागा आधीच तिच्या नावे राखून ठेवायची. अट एकच. राखलेल्या जागेत काही लिहीपर्यंत ती वाचणाऱ्याला कोरीच दिसली पाहिजे. पूर्वी पुसलेल्या फाईलचं एक अक्षरही दिसता कामा नये.

पाच महिने विनोदिनीने त्या सोयीला हरतऱ्हेने छळलं. डिस्क काठोकाठ भरली, हजार फायली एकदम वाढवल्या, राखलेली जागा मधूनच काढून घेतली. चूक म्हणून सापडेना. सोमवारी मालक कृष्णनाथबाब तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार होते. तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

"माझ्या कामात चूक गावूची नाय गो," गोकुळदास म्हणाला. "उगीच डोळे फोडून घेव नको."

शुक्रवारी दुपारी डबा खाताना तिला गावच्या जत्रेतल्या चटया आठवल्या. रात्रीच्या दशावतारी नाटकाला पुढे बसायला मिळावं म्हणून बाया दुपारीच देवळासमोर चटई अंथरून जात. रिकाम्या चटईवर बाजूला बसलेली शेजारीण कोणाला बसू देत नसे. पण एखादी घाईची बाई "आमची माणसां इलीत" असं आधीच सांगून त्यांना आणायला वळली, की विनोदिनी खुशाल तिथे जाऊन बसे. शेजारणीला वाटे, हीच ती माणसं. गोकुळदासनेही असंच केलं असेल तर? मजकूर पोचण्याआधीच "जागा भरली" अशी खूण केली असेल, आणि तेवढ्यात वीज गेली तर? त्या जागेतलं पूर्वीचं, पुसलेलं अक्षर तसंच दिसेल. आजवर प्रत्येक चाचणीत मशीन रीतसर बंद केली होती.

तिने चाचणी चालू केली आणि लिहिणं रंगात आलं असताना भिंतीतला प्लगच उपटला. काही सापडलं नाही. पुन्हा उपटला. पुन्हा.

"अगो, मोडतलंस ती!" गोकुळदास ओरडला. "ती डिस्क गेल्या आठवड्यापर्यंत माझ्या मशीनीत होती!"

"तुमची म्हणानच घेतलंय," विनोदिनी म्हणाली.

एकेचाळिसाव्या खेपेला फाईल उघडली, तर कोऱ्या जागेत चक्क पत्र होतं. गोकुळदासने पंधरा दिवसांपूर्वी पाठवून पुसून टाकलेलं. 'माननीय कृष्णनाथबाब, विनोदिनी हिला कायम करू नये. चुका शोधण्याचं तिला अंगच नाही.'

तिचे डोळे भरून आले. मग राग आला. मग मात्र तिला इतकं हसू फुटलं की पाण्याचा पेला कलंडला. लगेच तिने अहवाल लिहिला. काय दिसायला हवं होतं? काहीच नाही. काय दिसलं? इथे तिने सबंध पत्र तारखेसकट चिकटवलं आणि एक प्रत मालकांना, एक गोकुळदासला पाठवली.

दोन मिनिटांत गोकुळदास तिच्या टेबलापाशी हजर. तोंड पडलेलं.

"चूक मान्य आसा," तो हळूच म्हणाला. "तां पत्र तेवढां काढ गो."

"पुरावो आसा तो. काढलंय, तर तुमचां म्हणणां खरां होतलां, माका चूक गावाक नाय म्हणान."

सोमवारी कृष्णनाथबाबांनी ते पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि तिला कायम केलं.